गेम तयार आहे, आता विकायचा कुठे?

प्रश्न : दादा, मी आणि माझ्या मित्रानं दीड वर्ष कॉलेज सांभाळून एक पझल गेम बनवलाय. छोटा आहे, साधारण दीड तासात संपतो. स्टीम आणि एपिक ही कॉम्प्युटर गेम विकायची ऑनलाइन दुकानं, त्यात मित्र म्हणतो स्टीम विक्रीतले 30 टक्के कापतं आणि एपिक फक्त 12, मग एपिकवरच टाकू. मला वाटतं सगळे स्टीमवरच असतात. आणि पूर्वीपेक्षा आता छोट्या डेव्हलपरला सोपं झालंय की अवघड, तेच कळेनासं झालंय. काय करावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी दोघांचं मनापासून अभिनंदन. सुरू केलेले गेम खूप जणांकडे असतात, पूर्ण झालेला फार थोड्यांकडे असतो.

सोपं की अवघड, तर दोन्ही झालंय, आणि का ते नीट बघ म्हणजे पुढचं आपोआप कळेल. 2012 च्या आधी स्टीमवर कुठला गेम घ्यायचा ते स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीची माणसंच ठरवायची, आपल्यासारख्याला तिथे ओळख ना पाळख. मग ग्रीनलाइट आलं, लोकांनी मतं द्यायची आणि मतं मिळाली तर आत. 2017 मध्ये तेही बंद करून स्टीम डायरेक्ट आणलं, 100 डॉलर भर, कागदपत्रं दे, महिनाभर थांब, की झाला गेम रिलीज. (ते 100 डॉलर गेमनं 1,000 डॉलरची कमाई केली की परत मिळतात.) म्हणजे आत शिरायची अडचण संपली, पण सगळ्यांचीच संपली ना, 2024 या एका वर्षात स्टीमवर 18 हजारांपेक्षा जास्त गेम आले, दिवसाला 50 च्या आसपास. तू रिलीज करशील त्याच दिवशी आणखी 49 जण करणार आहेत, त्यातले बरेच तुझ्यासारखेच रात्री जागून काम केलेले.

म्हणून टक्क्यांवरून मित्राशी भांडू नकोस. त्याचा आकडा बरोबर आहे, एपिक 12 टक्केच घेतं आणि जून 2025 पासून तर प्रत्येक गेमच्या वर्षाच्या पहिल्या 10 लाख डॉलरवर काहीच घेत नाही. पण नवीन, अनोळखी गेम शोधत फिरणारा माणूस माझ्या अनुभवात स्टीमवरच जास्त भेटतो. मला स्वतःला जी गोष्ट खटकते ती वेगळीच आहे. 2018 च्या शेवटी स्टीमनं कपात कमी केली, पण कोणासाठी, तर 1 कोटी डॉलरच्या वर विक्री गेली की त्यापुढच्या रकमेवर 25 टक्के आणि 5 कोटींच्या पुढे 20. ज्याचं पोट भरलेलं त्यालाच वाढायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. ॲपल आणि गूगलनं 2021 मध्ये त्यांच्या ॲप स्टोअरवर उलटं केलं, छोट्यांकडून 15 टक्केच कपात, ते जास्त न्यायाचं वाटतं.

हातात काय येतं ते एकदा कागदावर मांड. किंमत 299 ठेवलीस तर त्यातून 18 टक्के जीएसटी गेला की साधारण 253 उरतात, त्यातले 30 टक्के म्हणजे 76 स्टीमचे, राहिले 177, आणि ते दोघांत वाटायचे. बँकेची कपात वेगळीच. स्टीमचा टॅक्सचा फॉर्म मात्र नीट वाचून भर, भारत-अमेरिका कर-कराराचा फायदा घेतला नाहीस तर अमेरिकेतल्या विक्रीवर 30 टक्के कर कापला जातो.

आता माझ्या पहिल्या गेमच्या वेळी माझं काय चुकलं ते सांगतो, तुझ्या उपयोगी पडेल. नियमानं 'लवकरच येतोय' असं पेज निदान दोन आठवडे आधी लावावं लागतं, मी बरोबर दोनच आठवडे आधी लावलं. रिलीजच्या सकाळी विशलिस्टमध्ये, म्हणजे 'हा गेम मला हवाय' अशी खूण करून ठेवलेल्यांच्या यादीत, 63 जण होते. रिलीजचा मेल विशलिस्टवाल्यांनाच जातो, म्हणजे जगात 63 लोकांना कळलं की माझा गेम आलाय. शिवाय 12 मित्रांना फुकट कोड दिले, सगळ्यांनी छान रिव्ह्यू लिहिले, आणि त्यातला एकही स्कोअरमध्ये धरला गेला नाही, कारण स्टीमवरच विकत घेतलेल्यांचेच रिव्ह्यू त्यात मोजतात आणि असे 10 झाल्याशिवाय स्कोअर दिसतच नाही. मित्रांना सांग, विकतच घ्या, आणि आवडला नाही तर तसंही लिहा.

तेव्हा आजच पेज लावा आणि निदान सहा महिने रिलीज करू नका. डेमो बनवा, नेक्स्ट फेस्ट या स्टीमच्या डेमो-महोत्सवात टाका, पण एका गेमला तिथे एकदाच जाता येतं म्हणून डेमो कच्चा असताना घाई नको.

दीड तासाच्या गेमचं रिफंडचं दुखणं आहे हे खरं. 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत, हा नियम 2015 पासून आहे. ग्राहक म्हणून मला तो हवाच आहे, पण माझ्याकडे एकानं रिफंड घेताना लिहिलं होतं, 'मस्त गेम, पूर्ण केला', ते वाचून दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. तरी सांगतो, गेम ओढूनताणून लांबवू नकोस. किंमत कमी ठेव आणि लांबी पेजवरच स्पष्ट लिही.

आणि स्टीम म्हणजेच सगळं असंही नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' ऑगस्ट 2020 मध्ये आधी निंटेंडो स्विचवर आला, पीसीवर नंतर. त्याआधी किकस्टार्टर या साइटवर लोकांकडून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी ते थांबले नाहीत.

प्रश्न : आमच्या वेळी लॅमिंग्टन रोडवरून गेमच्या सीड्या आणायचे. माझी मुलगी दहावीत आहे, तिनं मोबाइलचा गेम केलाय, तो लोकांपर्यंत कसा न्यायचा? खर्च किती?
– एक आई, रत्नागिरी

उत्तर : ताई, आधी तो इच डॉट आयओ या छोट्या गेमवाल्यांच्या साइटवर टाकू द्या. फी नाही, आणि विकला तर साइटला किती टक्के द्यायचे तेही आपणच ठरवायचं, अगदी शून्यसुद्धा चालतं. तिथे चुका करायला जागा आहे, आणि खेळणारे मनापासून लिहितात. प्ले स्टोअरला एकदाच 25 डॉलर लागतात, पण ती 18 ची नाही म्हणून अकाउंट तुमच्या नावानं काढावं लागेल. नव्या वैयक्तिक अकाउंटला आधी 12 जणांकडून सलग 14 दिवस टेस्टिंग करून घ्यावं लागतं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 12 जण सहज मिळतील, फक्त काका-मामांना बजावून सांगा की चौदा दिवस कोणी टेस्टिंगमधून बाहेर पडायचं नाही, कारण 12 च्या खाली आलात तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.