दोन डगरींवर हात

मुली,

काल तुझा फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही. आरोपीचा भाऊ म्हणतो, ‘तो त्या रात्री मामाच्या गावाला होता असं घ्या, चार माणसं उभी करतो.’ आरोपी कारागृहातल्या भेटीत तुला सांगतो, ‘मॅडम, तो कुऱ्हाड घेऊन अंगावर आला, मी ओढून घेतली आणि घातली.’ आणि तू मला विचारतेस, ‘सर, दोन्ही घेऊ का? जे लागेल ते लागेल.’

नाही. बचाव एकच.

विकतचे साक्षीदार उभे करायचे नाहीत, हे तुला सांगायची गरज नाही. तो जे बोलला ते तुझ्यापाशीच राहायचं, नव्या साक्ष अधिनियमाचं कलम १३२ त्यासाठीच आहे. पण खोटं आहे हे ठाऊक असलेलं कोर्टापुढे ठेवायची परवानगी त्या कलमात नाही. ते असो. मी आज नीतीचं बोलत नाही, वकिलीचं बोलतोय.

तू सारडा निकालाचा आधार दिलास. १९८४चा तो निकाल मलाही पाठ आहे. सरकारपक्षाची साखळी तुटकी असेल, तर आरोपीच्या खोट्या बचावानं ती सांधता येत नाही, बरोबर. पण तो परिस्थितीजन्य पुराव्याचा खटला होता. तुझ्याकडे मयताचा पुतण्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून उभा राहणार आहे. शिवाय आपण दुसरीकडे होतो हे सिद्ध करायचं ओझं आपल्याच डोक्यावर येतं. मामाच्या गावची चार माणसं उलटतपासात किती वेळ टिकतील? मला विचारशील तर चहाच्या सुट्टीपर्यंतसुद्धा नाही.

आता कागद. तू पाठवलेलं दोषारोपपत्र मी दोनदा वाचलं. तू एकदा तरी शेवटपर्यंत वाचलंस का? अटकेनंतरचा आरोपीचा वैद्यकीय दाखला काढ. डाव्या हातावर, मनगटाच्या वर, खोल कापल्याची जखम आहे, टाके पडलेत. फिर्यादीत तिच्याबद्दल एक शब्द नाही, पुतण्याच्या जबाबातही नाही. लक्ष्मी सिंग विरुद्ध बिहार राज्य, १९७६, वाचून ये. आरोपीच्या अंगावर किरकोळ नसलेली जखम आहे आणि सरकारपक्ष तिचा खुलासा करत नाही, तर घटनेची सुरुवातच दडवली असं कोर्ट म्हणू शकतं. हात आडवा करून वार अडवला तर जखम कुठे होते? आणि मामाच्या गावी जेवत बसलेल्या माणसाच्या हाताला ती कुठून आली, हे त्या भावाला विचार.

स्वसंरक्षण संशयापलीकडे सिद्ध करावं लागत नाही, शक्यतेचं पारडं आपल्याकडे झुकलं की पुरतं, आणि ते सरकारी साक्षीदारांच्या तोंडूनही झुकवता येतं. मर्यादा ओलांडली असं कोर्टाला वाटलं, तर न्याय संहितेच्या कलम १०१चे अपवाद आहेत, खुनाच्या १०३ वरून सदोष मनुष्यवधाच्या १०५ वर येता येतं. हा दुसरा बचाव नव्हे, त्याच घटनेचा दुसरा हिशेब आहे. घटना एक, म्हणून बचाव एकच.

एवढं का चिडतो, तेही सांगतो. एकतिशीत असताना माझा आरोपीही ‘तिथे नव्हताच’. दोन साक्षीदारांच्या उलटतपासात मी तेच विचारलं. तिसरी बाई डळमळताना दिसली आणि मला राहवलं नाही. तिच्या साक्षीत शेवटची ओळ आली : ‘हे म्हणणे खरे नाही की, मयताने आधी काठी उगारली म्हणून आरोपीने दगड मारला.’ माझंच सजेशन, आमची बाजू म्हणून मीच तिला घातलेलं आणि तिनं नाकारलेलं विधान. नसलेल्या माणसानं दगड मारला! सरकारी वकिलांनी मान वर न करता ती ओळ अधोरेखित केली. जन्मठेप झाली. अपिलात हायकोर्टानं मला तीच ओळ वाचायला लावली.

पुढे कित्येक वर्षं मी सांगत आलो की आरोपीच्या वडिलांचा दबाव होता, सिनियर त्या दिवशी बाहेरगावी होते. तेही खरंच होतं. तीन प्रत्यक्षदर्शी होते, केस तशीही पडलीच असती, असं मी आजही म्हणतो. पण साक्षीचं ते पान मला अजून नंबरासकट आठवतं. २०२३ मध्ये बाळू सुदाम खळदे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्टच म्हटलं की वकिलानं साक्षीदाराला घातलेलं अंगलट येणारं सजेशन आरोपीला बांधून टाकतं. निकाल वाचून झाल्यावर मी बराच वेळ काही बोललो नाही. हिनं चहा आणून ठेवला, तो गार झाला.

तेव्हा आज रात्री एका कागदावर चार ओळींत घटना लिही. प्रत्येक सजेशन त्या चार ओळींशी ताडून मगच तोंडातून काढ. पुराव्यानंतर न्यायाधीश आरोपीलाच प्रश्न विचारतात, त्या कलम ३५१च्या जबाबातही तेच यायला हवं. त्याआधी आरोपीला पुन्हा भेट, भाऊ बरोबर नको. हाताला कसं लागलं एवढंच विचार आणि गप्प बस. उत्तर तू सुचवायचं नाहीस.

भाऊ म्हणेल, वकील बदलतो. म्हणू दे. वकालतनाम्यावर सही त्याची नाही.

शुक्रवारी सहानंतर ये. मूळ कागद आण, मोबाइलवरचे फोटो नकोत.