सेवेला गेले आणि आनंद घेऊन आले, हे चुकले का?

"मॅडम, मी तिथे मदत करायला गेले होते, पण सर्वांत आनंदाचे दिवस कोणते असे विचारले, तर मला नदीवरच्या संध्याकाळीच आठवतात. मग मी तिथे नेमके केले तरी काय?" हा प्रश्न घेऊन २६ वर्षांची एक तरुणी कोल्हापुरातील माझ्या समुपदेशन कक्षात आली, तेव्हा तिला युगांडातून परतून तीन महिने झाले होते. (हा अनुभव तिच्या संमतीने लिहीत आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सेवाकार्यासाठी परदेशी जाऊन आलेली इतर मुलेही थोड्याफार फरकाने हाच प्रश्न विचारतात.

व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल नदी जिथून बाहेर पडते, त्या जिंजा शहराजवळच्या एका शाळेत ती चार महिने शिकवत होती. १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या अस्थींचा काही भाग तेथे विसर्जित करण्यात आला होता. तिथल्या गांधी स्मारकाजवळचे आपले छायाचित्र तिने तत्परतेने घरी पाठवले होते. नदीकाठी मुलांबरोबर काढलेले एकही छायाचित्र मात्र तिने कोणाला दाखवले नव्हते, कारण वडिलांच्या साठवणीतून तिकीट काढलेले असताना ते सहलीसारखे दिसेल, अशी तिला धास्ती होती.

मी तिला एकच संध्याकाळ जशी घडली तशी सांगायला लावली. शाळा सुटल्यावर मुले पिवळे जेरीकॅन घेऊन पाण्याला निघत आणि ती त्यांच्याबरोबर जाई. पहिल्या दिवशी २० लिटरचा कॅन डोक्यावर घेताना तिचा तोल गेला, निम्मे पाणी अंगावर सांडले आणि मुले पोट धरून हसली. मग आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीने केळीची वाळलेली पाने वळून तिच्यासाठी चुंबळ केली. "अगदी अशीच चुंबळ माझी आजी करायची," असे म्हणताना तिचा चेहरा उजळला आणि पुढच्याच क्षणी ती रडू लागली.

अपराधीपणाची भावना खोटी ठरवून ती पुसून टाकण्याची घाई समुपदेशकाने करू नये, असे मला मनापासून वाटते. तिच्या भावनेतही एक खरा भाग होता. त्या पाण्यातील गोगलगायींमुळे बिल्हार्झिया हा आजार पसरतो, म्हणून तिला पाण्यात उतरण्याची मनाई होती. ती काठावर कोरडी उभी राही आणि मुले गुडघाभर पाण्यात शिरत, कारण त्यांना दुसरा पर्याय नव्हता. या आजारावर प्राझिक्वांटेल हे औषध आहे, उंचीनुसार मात्रा ठरवून ते शाळेतच देता येते, परंतु पुन्हा त्याच पाण्यात उतरल्यास पुन्हा लागण होऊ शकते. ही विषमता तिला टोचत असेल तर ती टोचायलाच हवी, आणि त्यासाठी काय करता येईल याचा विचार आम्ही स्वतंत्रपणे केला. त्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला तिने पत्र लिहिले, ते त्यातूनच.

आनंदाबद्दलची बोचणी वेगळी होती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत मनातील हट्टी मागण्या शोधायला शिकवतात, आणि मराठीत तो हट्ट एका 'च'मध्ये स्वच्छ ऐकू येतो. 'मी देतच राहिले पाहिजे, काही घेताच कामा नये,' असे तिचे मन तिला बजावत होते.

ती मूळची प्रयाग चिखलीची. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गाव पाण्याखाली गेले, तेव्हा तिचे कुटुंब कोल्हापुरातील एका शाळेत आसऱ्याला होते. तिथे मदतीला आलेल्यांपैकी कोण आठवते, असे मी विचारले. धान्याची पाकिटे वाटणाऱ्यांचे चेहरे तिला आठवेनात. परंतु रोज दुपारी मुलांबरोबर पत्ते खेळणारा, हरल्यावर मोठ्याने हसणारा आणि तिच्या आजीने तीन दगडांच्या चुलीवर थापलेली भाकरी मागून खाणारा एक मुलगा तिला लख्ख आठवत होता. "तो हसला म्हणून तुला कधी राग आला होता का?" या प्रश्नावर ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "उलट, त्याला भाकरी दिली त्या दिवशी आजी पहिल्यांदा नीट जेवली."

त्या चुंबळ करणाऱ्या मुलीविषयी मी वेगळे काही बोलले नाही. तिची तीच बोलू लागली. चार महिन्यांत आपण त्या मुलांना इंग्रजी शब्द शिकवले, पण तोल सांभाळायला त्यांनी आपल्याला शिकवले आणि त्या वेळी त्यांची मान किती ताठ होती, हे तिने स्वतःच सांगितले.

पुढच्या भेटीला येण्यापूर्वी तिने ती छायाचित्रे घरी दाखवली होती. वडील फारसे काही बोलले नाहीत. आजीने मात्र चष्मा पुसून मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि ती म्हणाली, "केळीच्या पानांची हाय व्हय? आमी जुनेराची करायचो. पोरीनं वळलीया मात्र झकास."