आधी लेंड्या बघ, मग लाड कर

बाळा,

परवा फोनवर तू सांगितलं की बहिणीसाठी आठवडे बाजारातून सशांची जोडी आणली, आणि मग मी जे काही बोललो त्याला तू नुसता हो काका हो काका करत होता. तुझं हो काका मला चांगलं माहितीये. माझ्या मोटर दुरुस्तीच्या दुकानात शिकायला होता तेव्हा पण हो काका म्हणून बेअरिंगला ग्रीस न लावताच मोटर बंद करून ठेवली होती, आठवतं ना. म्हणून हे टाइप करतोय. लांब होईल, पण निवांत वाच, आणि बहिणीलाही वाचून दाखव कारण शेवटी करणार तीच आहे.

आमच्याकडे सरकी नावाची सशीण होती हे तुला माहितीये पण तू आला तोपर्यंत ती गेलेली होती. २०१४ च्या दिवाळीनंतर आणली, दोनेक महिन्यांची असेल. पांढरी फक, वेचून ठेवलेला कापूसच, आणि नाकावर एक काळा ठिपका, म्हणून सरकी. नाव माझ्या आईने ठेवलं. ती म्हणायची, "मुकं जनावर शे, त्याले तोंड नही, तूच बघ." मी म्हटलं बघतो की. त्या बघतोचा अर्थ कळायला मला पाच वर्षं लागली.

सुरुवातीला मी तिला दुकानात घेऊन यायचो, गिऱ्हाइकांना मजा वाटायची. पहिल्याच आठवड्यात तिने टेस्ट लॅम्पची वायर कुरतडली. नशीब, पिन काढलेली होती. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात त्यामुळे त्याला सारखं काहीतरी चावायला लागतंच, त्यात त्याचा काही दोष नाही, आणि मोटरची तार नव्याने गुंडाळायच्या, रिवायंडिंगच्या दुकानात चावायला काय असतं, तांब्याची तार आणि वार्निश. त्या दिवसापासून तिला दुकान बंद. तुझ्या घरात चार्जरच्या वायरी जमिनीवर लोळतात हे मी बघितलंय, आजच वर कर.

आता मुद्द्याची गोष्ट. २०१५ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुझी काकू माहेरी चोपड्याला गेली. आपला सीजन म्हणजे तुला सांगायला नको, विहिरींचं पाणी खाली गेलेलं, केळीवाल्यांच्या सबमर्सिबल एकामागून एक जळून येतात, रात्री अकरापर्यंत दुकान. मी सकाळी सरकीला गवत टाकायचो, पाणी भरायचो आणि निघायचो. एका रात्री घरी आलो तर गवत तसंच. म्हटलं गरमीने भूक मेली असेल, मलाही कुठे जेवण जातंय. सकाळी नवीन गवत टाकायला गेलो तर जुनं तसंच होतं, मी ते काढलं, नवं टाकलं आणि दुकानात गेलो. हे वाक्य परत वाच. जुनं तसंच होतं आणि मी नवं टाकून गेलो.

दुपारी डबा खायला घरी आलो म्हणून कळलं. कोपऱ्यात पाठीला पोक काढून बसलेली, डोळे अर्धे मिटलेले, आणि जवळ गेलो तर बारीक करकर आवाज, दात खाण्याचा. गोणपाटावर एकही लेंडी नाही. गुरांच्या दवाखान्यात नेली. तिथले डॉक्टर म्हणजे म्हशी, बैल, शेळ्या यातले माणूस, पण भला होता, सरळ म्हणाला की सशाचं माझ्याकडे फार येत नाही, थांबा. माझ्यासमोर एका मित्राला फोन लावला, विचारून विचारून कातडीखाली सलाईन दिलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं, आणि मला सिरिंजने पातळ खाणं भरवायला शिकवलं. न येणाऱ्या गोष्टीला येत नाही म्हणणारा डॉक्टर सापडला तर त्याचा नंबर जपून ठेव. याच्या आधी वाटेत एकाने मला माणसांच्या अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकची अर्धी गोळी दे म्हणून सांगितलं होतं, आणि ती तोंडाने दिली असती तर सशाच्या पोटातले चांगले जंतूच मरतात आणि ससा त्यानेच जातो. कपाटातली कुठलीच गोळी द्यायची नाही, कोणी कितीही शहाणा असो.

त्या दिवशी कळलेलं असं की सशाला उलटी होत नाही. आत गेलेलं पुढेच सरकायला पाहिजे, आणि पोट चालू राहायला सारखं गवत लागतं. बारा तास खाल्लं नाही, लेंडी टाकली नाही, तर उद्या बघू असं नाही, लगेच उचलायचं आणि डॉक्टर गाठायचा. आणि ससा ओरडणार नाही. कुत्रं केकाटतं, मांजर अंगावर येतं, ससा गप्प बसतो, कारण रानात जो दुखणं दाखवतो त्याला आधी उचलून नेतात. मोटर जळायच्या आधी निदान वास तरी देते रे. तुला मी पहिल्या दिवशी शिकवलं होतं ना, मीटर नंतर, आधी नाक लाव, मग हाताची उलटी बाजू लावून गरमी बघ. सशाचं मीटर म्हणजे लेंड्या. हरभऱ्याएवढ्या, गोल, कोरड्या, भरपूर, तर सगळं ठीक. बारीक झाल्या, केसांनी माळेसारख्या जोडल्या गेल्या, कमी झाल्या, तर काहीतरी आहे. बहिणीला सांग रोज सकाळी झाडून काढायच्या आधी बघायचं, नंतर नाही. हां, आणि पहाटेच्या वेळी ससा बुडाला तोंड लावून मऊ, द्राक्षाच्या घडासारखी एक वेगळीच लेंडी खातो, ते बघून शी शी करून हाकलू नका. गाय रवंथ करते तसंच समजा, एकदा खाल्लेल्यातून दुसऱ्यांदा सत्त्व घेतो.

काकू चोपड्याहून आल्यावर सगळं ऐकून एकच बोलली, "तुमले मोटर समजस, जनावर नही." तीन दिवस त्याच्यावर काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

खाण्याचं सांगतो. गाजर चित्रात. खऱ्या सशाला गाजर म्हणजे आपल्याला जिलेबी, कधीतरी चकतीभर. केळंही तसंच, तुमच्याकडे रावेरचा माल घरात पडलेला असतो म्हणून घड समोर ठेवू नको. मुख्य खाणं गवत, वाळलेलं चांगलं गवत, दिवसरात्र समोर पाहिजे. ऑनलाइन टिमोथी गवताची पाकिटं मिळतात पण ती परवडणार नाहीत, मी ओळखीच्या शेतकऱ्याकडून मारवेल गवत आणून वाळवायचो. गवत कुठलं आहे ते विचार. कपाशीला फवारा मारलेला बांध असेल तर ते गवत आणायचं नाही, धुऊनही नाही. कोवळ्या ज्वारीचा पाला पण नको, त्याने गुरं दगावतात हे तुझ्या आजोबांना विचार. कोथिंबीर, मेथीच्या काड्या चालतात. सरकीला तुझी काकू मेथी निवडायला बसली की लांबून कळायचं, धावत येऊन साडीच्या पदरावर पुढचे दोन पाय ठेवून उभी राहायची, आणि काकू काडी देताना म्हणायची, थांब गं, माझी अजून जुडी सुटली नाही. बिस्किट, पाव, चिवडा कोणी कौतुकाने देतं, त्याच्या हातातून काढून घे, वाईट दिसलं तरी चालेल. कांदा, लसूण, बटाटा तर अजिबात नाही.

उन्हाळा हा आपल्या भागातला खरा यम आहे. जळगाव भुसावळ म्हणजे मे महिन्यात ४५ च्या पुढे, आणि सशाला तिशीच्या वरच जड जायला लागतं. त्याला घाम येत नाही, जी काही गरमी बाहेर टाकायची ती त्या लांब कानांतून. तू कूलरवाला माणूस, तुझ्या घरात हे जनावर गरमीने गेलं तर मी तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाही. पिंजरा पत्र्याच्या शेडखाली नको, गच्चीवर नको, शहाबादी फरशीवर ठेव, कूलरचं गवत बदलून घे. लाइट गेली की काय, हा प्रश्न दुपारी दोनला पडून उपयोग नाही, आधीच फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या गोठवून ठेव, फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायच्या, तो स्वतःच त्याला टेकून पसरतो. धापा टाकायला लागला तर कान ओल्या फडक्याने पुसायचे आणि दवाखाना. बर्फाच्या पाण्यात बुडवायचं नाही, आंघोळ तर कधीच नाही. पाणी नळीच्या बाटलीतून नको, जड मातीच्या वाडग्यात, गरमीत त्याला मोठे घोट लागतात. पावसाळ्यात गवताला बुरशी आणि ओल्या बुडाला माशा, त्यातून अळ्या पडतात, तेवढं लक्ष.

उचलताना कान धरायचे नाहीत, बाजारात तसं धरतात म्हणून ते बरोबर होत नाही. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि अंगाशी घट्ट. मागचे पाय लोंबते राहिले तर जोरात झटका मारतो आणि स्वतःच्याच लाथेने कणा मोडतो. लहान पोरांनी खाली बसूनच मांडीवर घ्यायचा.

आता जे लिहायला मी टाळत होतो ते.

एका हिवाळ्यात सरकीची लघवी लालभडक दिसली. मी घाबरून दवाखान्यात. डॉक्टरांनी विचारलं काय खाल्लं, काकू म्हणाली बीट. ते हसले, म्हणाले सशाची लघवी खाण्याच्या रंगाने नारिंगी, लाल होते, घाबरू नका. खरंच दोन दिवसात साफ. मी घरी येऊन सगळ्यांना ज्ञान दिलं.

मग २०१९ ची दिवाळी झाली आणि गोणपाटावर परत लाल. मी म्हटलं, बीट. त्या आठवड्यात घरात बीट आलंच नव्हतं. मी विचारलं नाही. काकूला वाटलं ह्यांना माहितीये, ह्यांनी मागे डॉक्टरांना विचारलंय. पहिल्या वेळेस सगळी लघवी एकसारखी लाल होती, या वेळेस पिवळ्यात लाल ठिपके आणि एक गुठळी, मी बघितलं होतं, बघूनही बीट म्हटलं. तीन आठवडे गेले. ती सुकायला लागली तेव्हा नेली, तोपर्यंत पोटात गाठ हाताला लागत होती. गर्भाशयाचा कॅन्सर. ऑपरेशन न केलेल्या माद्यांमध्ये वय वाढलं की हा खूप सापडतो, हे मला तेव्हा सांगितलं गेलं. जानेवारीत गेली, श्वास लागत होता, पहाटे चारला, काकूच्या मांडीवर.

दुकानात मी तुला एकच मोटर दुसऱ्यांदा आली की परत पहिल्यापासून उघडायला लावायचो ना, आणि तू चिडायचा की काका मागच्या वेळेस बुशच गेलं होतं. ती सवय माझी पहिल्यापासूनची नाही. २०२० नंतरची आहे.

म्हणून तुझ्या मादीचं ऑपरेशन सहा-आठ महिन्यांची झाली की करून घे. आपल्या गावात कोणी करत नसेल तर नाशिकला जा, पण आधी विचार की सशांची किती केलीत. आणि ससा उलटी करत नाही त्यामुळे त्याला ऑपरेशनच्या आधी रात्रभर उपाशी ठेवत नाहीत. कोणी रात्रीपासून काही देऊ नका म्हणालं तर ते कुत्र्याचं सांगतायत, नमस्कार करून निघ.

मधेच आठवलं, हरभरा काढताना मजूर कधी सशाची पिल्लं आणून देतात. ती आपली नाहीत, रानसशाची, ती जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडे असलेली असतात. पाळीव सशाचं पिल्लू उघडं आणि आंधळं जन्मतं. रानातला ससा घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, आणि आई दिवसभर पिल्लाजवळ बसत नसते म्हणजे टाकून गेली असं नाही. जिथून उचललं तिथेच ठेवायला सांग.

शेवटचं. विकणाऱ्याने दोन्ही माद्या आहेत असं सांगितलं, असं तू म्हणाला. एवढ्या लहान सशांचं त्यालाही कळत नाही आणि मलाही नव्हतं कळलं. नरमादी निघाली तर एका महिन्यात, मोजून ३१ दिवसात पिल्लं, आणि व्यायल्याच्या दिवशीच मादी परत गाभण राहू शकते. उद्याच डॉक्टरांना दाखव, आज रात्री मधे फळी टाक. फळीला जाळी असू दे, एकमेकांना दिसले पाहिजेत, एकटा ससा झुरतो.

मंगळवारी आपला धुळ्याचा पार्सलवाला येतोय, त्याच्याकडे सरकीचं वाडगं देतोय. कडेला दातांच्या खुणा आहेत, फुटकं समजून फेकू नको. आणि माद्याच आहेत का दोन्ही ते कळलं की फोन कर, काकू विचारतेय.

तुझा
काका