केर्न्समध्ये पाच दिवस: रीफचा दिवस शेवटी ठेवू नका

नोव्हेंबरच्या सुरुवातीला, दिवाळीच्या सुट्टीत, सत्तरीच्या आसपासच्या आईवडिलांना घेऊन पाच दिवस ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावरील केर्न्सला जायचे आहे, हॉटेल समुद्रकिनारी घ्यावे का आणि ग्रेट बॅरियर रीफ ही समुद्रातील प्रवाळांची रांग शेवटच्या दिवशी ठेवली तर चालेल का, असे आपण विचारले आहे. दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर नकारार्थी आहे.

आधी हॉटेल. केर्न्स समुद्राकाठी असले तरी शहराला पोहण्याजोगा किनारा नाही. एस्प्लनेड या समुद्राकाठच्या रस्त्यासमोर ओहोटीच्या वेळी दूरवर चिखल उघडा पडतो, आणि तो पाणपक्षी पाहणाऱ्यांनाच आवडतो. म्हणूनच तेथे २००३ मध्ये खाऱ्या पाण्याचा मोठा, मोफत जलतरण तलाव बांधण्यात आला. वाळूचे किनारे उत्तरेकडे ट्रिनिटी बीच, पाम कोव्ह येथे आहेत. परंतु साधारण नोव्हेंबर ते मे हा विषारी जेलीफिशचा हंगाम असल्याने तेथेही जाळी लावलेल्या भागातच उतरावे लागते, आणि मगरींच्या धोक्याचे फलक शोभेसाठी लावलेले नसतात. रीफकडे जाणाऱ्या बोटी शहरातील धक्क्यावरून सकाळी लवकर सुटतात, तेव्हा ज्येष्ठांसह जाताना धक्क्यापासून चालत जाता येईल असे हॉटेल घेणे शहाणपणाचे.

आता रीफ. तेथील पावसाळा साधारण डिसेंबर ते एप्रिल असतो. जून ते ऑगस्ट हवा कोरडी आणि सुखद असली तरी आग्नेयेकडून वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यांमुळे समुद्र अनेकदा खवळलेला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हे वारे मंदावतात, त्यामुळे उकाडा सोसावा लागला तरी आपण निवडलेला काळ रीफसाठी चांगला आहे. तरीही वाऱ्याचा भरवसा नसतो आणि फेरी रद्द होऊ शकते. रीफ दुसऱ्या दिवशी ठेवली, तर पुढे सरकवायला जागा उरते. शेवटच्या दिवशी ठेवली, तर ती जागाच नसते.

बाह्य रीफपर्यंत मोठ्या बोटीला साधारण दीड ते दोन तास लागतात. आईवडिलांना पोहता येत नसेल, तर समुद्रात कायम नांगरलेला तरंगता तळ असलेली सहल निवडावी. तेथे सावलीत बसता येते आणि काचेच्या तळाच्या किंवा अर्धपाणबुडीसारख्या बोटीतून प्रवाळ कोरड्या कपड्यांनी पाहता येतात. बोट लागण्याची गोळी निघण्यापूर्वी घ्यावी, मळमळू लागल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. हृदयविकार, दमा, मधुमेह यांबद्दल बोटीवरच्या अर्जात खरे लिहावे. त्यामुळे सहल बुडत नाही. असा आजार असूनही स्नॉर्केलिंग (तोंडात श्वासनळी धरून पाण्याच्या पृष्ठभागावर पोहणे) करणाऱ्याला बहुधा तरंगण्याचे साधन देऊन विशेष लक्ष ठेवले जाते. जेलीफिशपासून बचावासाठी अंगभर लायक्राचा पोशाख मिळतो, तो संकोच न करता घालावा. अपेक्षेविषयीही सांगून ठेवतो: २०१६ पासून रीफवर वारंवार व्यापक विरंजन (पाणी तापल्याने प्रवाळ पांढरे पडणे) झाले आहे, त्यामुळे सर्वत्र माहितीपटातील रंग दिसतीलच असे नाही, मासे आणि कासवे मात्र सहसा निराश करीत नाहीत.

तिसऱ्या दिवशी कुरांडा हे पर्जन्यवनातील डोंगरावरचे गाव. १८९१ मध्ये पूर्ण झालेल्या घाटातील रेल्वेने वर जावे आणि पर्जन्यवनाच्या शेंड्यांवरून जाणाऱ्या साडेसात किलोमीटरच्या स्कायरेल केबलकारने उतरावे. बॅरन धबधबा पावसाळ्यापूर्वी क्षीण असतो, त्यामुळे केवळ त्याच्यासाठी जाऊ नये. आपल्यापैकी कोणी रीफवर स्कूबा डायव्हिंग (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणे) करणार असेल, तर कुरांडा त्याच्या लगेच पुढच्या दिवशी ठेवू नये, कारण स्कायरेल पाचशे मीटरांहून उंच जाते आणि डायव्हिंगनंतर उंचीवर जाण्यापूर्वी निदान चोवीस तास जाऊ देणे इष्ट असते. अशा वेळी कुरांडा आणि चौथ्या दिवसाची अदलाबदल करावी.

चौथा दिवस उत्तरेचा. केप ट्रिब्युलेशनला पर्जन्यवन थेट समुद्राला भिडते आणि रीफ (१९८१) व उष्णकटिबंधीय पर्जन्यवन (१९८८) ही दोन जागतिक वारसास्थळे शेजारी येतात, हे खरे. पण डेन्ट्री नदी फेरीबोटीने ओलांडून तेथवर जाण्यास एका बाजूने अडीच तासांहून अधिक लागतात. आईवडील असताना एका दिवसात जाऊन-येऊन हा प्रवास मी सुचवणार नाही. त्याऐवजी मॉसमन गॉर्ज ही पर्जन्यवनातील नदीची घळ पाहावी. ही कुकू यालान्जी या आदिवासी लोकांची भूमी आहे. माहिती केंद्रापासून बस आत नेते आणि फळ्यांच्या वाटेवरून सावकाश चालता येते. परतताना पोर्ट डग्लसला जेवण करावे. गाडी भाड्याने घेतल्यास वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आहे, हे सोयीचे. अंधारात मात्र कांगारूवर्गीय प्राणी रस्त्यावर येतात, म्हणून दिवसाउजेडी परतावे.

पाचवा दिवस मुद्दाम मोकळा ठेवावा. रीफची फेरी पुढे ढकलली गेलीच, तर ती या दिवशी होईल. मात्र त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी विमान असेल, तर केवळ स्नॉर्केलिंग करावे, स्कूबा नको.