किरायाचं गणित, दारव्ह्याला जायच्या आधी

बाबू,

मेसेज वाचला तुझा. पोस्टात लागलास, यवतमाळ जिल्ह्यातलं दारव्हा भेटलं अन तोंड पाडून बसलास, पुण्यातल्या दोस्ताले एचआरए म्हणजे घरभाडे भत्ता 30 टक्के अन मले 10च काऊन म्हणतोस. बरोबर आहे, 25,500 बेसिकवर त्याले 7,650 भेटतात अन तुले 2,550. पण तेवढ्यात त्याले वाकड-हिंजवडीकडे एकट्यापुरता वनबीएचके कोण देते? तो दोघातिघांत फ्लॅट घेईल, वरून डिपॉझिट, वरून ब्रोकरचा एक महिन्याचा किराया.

सरकार गावाची लोकसंख्या पाहून टक्का ठरवते, 50 लाखाच्या वर एक्स, 5 लाखाच्या वर वाय, बाकी सगळे झेड. म्हणून पुणे एक्स, नागपूर-अमरावती वाय 20 टक्केवाले, अन यवतमाळ तुझ्यासारखंच झेड. खऱ्या किरायाशी त्याचा संबंध नाही. वणी-घुग्घूसकडे कोळशाच्या खाणी आहेत, बाहेरचे लोक येतात, तिथं खोल्या महाग होतात, टक्का तोच झेडचा.

आता लहान गावात स्वस्त काऊन ते पाय. किरायासाठी घर बांधते कोण तिथं? पोरगा पुण्याला गेला म्हणून वरच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या, त्या देतात. घेणारेही मोजकेच, मास्तर, तलाठी, बँकवाला, नर्सबाई. म्हणून किराया कमी, पण निवडही नाही, अन तू सरकारी नोकर आहे हे कळलं की मालक पाचशे वाढवूनच सांगते, थोडी घासाघीस कर, लाजू नको.

यवतमाळहून अपडाऊन करीन म्हणतोस, ते डोक्यातून काढ. एकीकडून चाळीसेक किलोमीटर, पेट्रोल नाहीतर एसटीचं भाडं जोड, खोलीचे पैसे त्यातच जातात, अन पावसाळ्यात हाल वेगळेच. शकुंतला, ती छोटी रेल्वे, तर केव्हाची बंद आहे (चालू असती तरी वेळेवर पोचला नसता म्हणा). एचआरए पोस्टिंगच्या गावाचाच भेटते, यवतमाळात राहून एक रुपया जास्त नाही.

खोली पाहायले दुपारी जा. वरचा मजला अन उघडा स्लॅब असला तर मे महिन्यात कूलर रात्रभर चालते, म्हणून मीटर वेगळा आहे का हे किरायाच्या आधी विचार, सबमीटर असला तर युनिटचा रेट ठरवून घे. नळ किती दिवसाआड येते, उन्हाळ्यात बोरला पाणी राहते का, हे मालकाले नको, शेजारच्या बाईले विचार.

अन कागद कर. गावात सगळं तोंडी चालते, पण लिव्ह अँड लायसन्स म्हणजे किरायाचा करारनामा रजिस्टर करणं कायद्याने लागतेच अन ती जबाबदारी मालकाची आहे, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात आहे ते, लेखी करार नसला अन वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत किरायेदार म्हणतो ते खरं धरतात. हे सांगितलं की मालक स्वतःच तयार होते. रजिस्ट्रेशन फी अन एकूण किरायाच्या पाव टक्का स्टँप ड्यूटी लागते, खर्च अर्धा-अर्धा करा.

एजंट शोधत बसू नको. ऑफिसातल्या पोस्टमनले विचार, रिकामी खोली त्यालेच माहीत असते. अन चांगली नाही भेटली तर मे पर्यंत कोणासंग तरी काढ, बदल्या निघाल्या की मास्तर लोकांच्या खोल्या सुटतात.