नवीन वॉसर-10 ची माशी कललेली दिसते. नळी वाकडी आहे का, हे कसं तपासायचं?

प्रश्न थोडक्यात असा: टेक्सासमध्ये दुकानातून नवी कोरी वॉसर-10 (WASR-10, एके पद्धतीची रोमानियन रायफल) घेतली, घरी आल्यावर मागून पाहिलं तर पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खुंटी, डावीकडे झुकलेली वाटते. नळी तिरकी बसली आहे का, आणि एकही गोळी झाडण्याआधी ते कळेल का?

कळेल. पण आधी एक गैरसमज काढून टाका. या रायफलमध्ये नळी स्वतः वाकडी निघणं दुर्मीळ. रोमानियातल्या कुजिरच्या कारखान्यात बनणाऱ्या या रायफलीची नळी पुढच्या ट्रनियनमध्ये (रिसीव्हर म्हणजे रायफलीचा मधला सांगाडा, त्याच्या पुढच्या टोकाचा पोलादी ठोकळा) दाबून बसवतात आणि आडव्या पिनेने अडकवतात. मग त्या नळीवर मागच्या साईटचा ब्लॉक, गॅस ब्लॉक (नळीतला गॅस पिस्टनकडे वळवणारा) आणि माशीचा ब्लॉक असे तीन तुकडे प्रेसने सरकवून, भोक पाडून पिना ठोकतात. नळी गोल असल्यामुळे यातला कोणताही तुकडा पिन बसण्याआधी अंशभर फिरू शकतो आणि तो तसाच कायमचा राहतो. लोक ज्याला 'नळी वाकडी' म्हणतात ते बहुधा हेच असतं. कललेला तुकडा कोणता, हे शोधणं हे खरं काम, कारण प्रत्येकाचा परिणाम वेगळा.

मॅगझिन काढा, सेफ्टीचा खटका खाली करा, बोल्ट मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहा आणि बोट घालूनही खात्री करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग वरचं झाकण, स्प्रिंग, बोल्ट कॅरियर काढा. मागच्या साईट ब्लॉकच्या उजव्या बाजूची पट्टी वर फिरवून गॅस ट्यूबही काढा.

आता कल तपासायचा. फोनने फोटो काढून ठरवू नका, जवळून घेतलेल्या फोटोत सरळ वस्तूही तिरकी दिसते. लाकडी हँडगार्डवरूनही नको, ते सैल असतात. मॅगझिन तर मुळीच नको: ही रायफल अमेरिकेत एकेरी रांगेच्या मॅगझिनसाठी येते आणि तिची खाच इथे रुंद करतात, त्यामुळे मॅगझिन थोडं डुलतंच. टोकाला तिरका कापलेला मझल ब्रेक (धक्का कमी करणारा तुकडा) असेल तर त्याचा तोंडवळा मुद्दामच एका बाजूला असतो, तो दोष नव्हे.

रायफल मऊ जबड्याच्या शिकंज्यात धरा, रिसीव्हरला धरून, नळीला नाही. समोर तीन-चार मीटरवर गवंड्याचा ओळंबा टांगा, नसेल तर दोरीला नटबोल्ट बांधला तरी चालेल. मागच्या साईटची पट्टी छोट्या पाणसळीने आडवी करा आणि खाचेतून पाहा. माशीची खुंटी आणि तिच्या दोन्ही बाजूंचे कान ओळंब्याला समांतर हवेत. नंतर हीच गोष्ट उलटी करा: यावेळी पाणसळ रिसीव्हरवर, वरच्या झाकणाखालच्या दोन्ही कडांवर आडवी ठेवून रिसीव्हर समतल करा आणि तिन्ही ब्लॉक एकेक करून पाहा. ही दुसरी पायरी बरेच जण गाळतात. मागची साईट आणि माशी दोन्ही एकाच बाजूला सारख्याच कलल्या असतील तर पहिल्या तपासणीत सगळं सरळ दिसतं.

किती कल चालतो? दोन साईटमधलं अंतर 378 मिलिमीटर आहे, म्हणून माशी 1 मिलिमीटर बाजूला गेली की 100 मीटरवर मारा 26 सेंटिमीटर सरकतो. माशीचं टोक नळीच्या मध्यापासून पाचेक सेंटिमीटर वर असतं, तेव्हा 1 अंशाचा कल म्हणजे जवळजवळ 1 मिलिमीटर. ऐकायला भयंकर वाटतं, पण माशी ज्या दंडगोलात बसते तो साईट टूलने डावी-उजवीकडे सरकवण्यासाठीच असतो. गोळ्या ज्या बाजूला जातात त्याच बाजूला माशी ढकलायची. डावीकडे कललेल्या माशीने गोळ्या उजवीकडे जातील, तेव्हा दंडगोल उजवीकडे. दंडगोल ब्लॉकबाहेर फारसा न डोकावता शून्य जमला, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागली, तर माझ्या मते तक्रार करण्याजोगं काही नाही, दिसायला कुरूप एवढंच. दंडगोल टोकाला जाऊनही जमत नसेल तर परत करा.

गॅस ब्लॉकबाबत मात्र मी इतका उदार नाही. गॅस ट्यूब काढलेली असताना बोल्ट कॅरियर स्प्रिंगशिवाय रिसीव्हरमध्ये घाला आणि हाताने हळू पुढे न्या. पिस्टनचं डोकं गॅस ब्लॉकच्या भोकात न अडखळता शिरायला हवं. पिस्टन कॅरियरमध्ये थोडा हलतो, तो हलायलाच हवा, हातात पकडून 'ढिला आहे' म्हणून घाबरू नका. दर वेळी त्याच एका बाजूला घासत असेल तर गोष्ट वेगळी. खात्रीसाठी डोक्याच्या कडेला काळा मार्कर फिरवा, कॅरियर वीसेक वेळा मागेपुढे करा आणि शाई कुठे पुसली ते पाहा. सगळीकडून थोडी थोडी पुसली तर ठीक, फक्त एका बाजूची गेली तर ब्लॉक कललेला. गॅस ट्यूब परत बसवताना नवीपणाचा घट्टपणा चालतो, पण ती पिळून बसवावी लागत असेल तर तीच शंका. थोड्या कलाने रायफल बंद पडत नाही, या रचनेला गॅस गरजेपेक्षा जास्तच मिळतो. पण घासणारा पिस्टन काजळी साचल्यावर अडकायला लागतो, आणि तो दोष पहिल्या दिवशी दिसत नाही.

राहिली नळी. बोल्ट पुन्हा बाहेर काढा, चेंबरच्या मागे पांढरा कागद ठेवून त्यावर टॉर्च मारा आणि तोंडाकडून आत पाहा. आतून क्रोम असल्याने उजेडाची वर्तुळं एकात एक स्वच्छ दिसतात. ती एका बाजूला सरकलेली वाटली तर डोळा हलवू नका, रायफल फिरवा. सरकलेपण नळीबरोबर फिरलं तर नळीत वाक आहे. जागीच राहिलं तर तुमचा डोळा मध्यावर नव्हता. तोंडावर दुसरं काही लावणार असाल तर टोकाचे 14×1 चे डावे आटे नळीच्या भोकाशी एककेंद्री आहेत का ते 7.62 च्या अलाइनमेंट रॉडने (नळीत घालायची सरळ सळई) वेगळं तपासावं लागतं, कारण नळी सरळ असूनही आटे तिरके निघतात. चेंबरमध्ये घालायच्या लेझर काडतुसावर मात्र विसंबू नका, ते स्वतःच तिथे तिरकं बसतं.

दोष सापडला तर ब्लॉकवर हातोडी मारायची नाही. पिन वाकते, वॉरंटी जाते. ब्लॉक फिरवायचा असेल तर गनस्मिथ प्रेसवर फिरवतो आणि जुनं भोक रुंद करून थोडी जाड पिन घालतो. पण त्याच्याकडे जाण्याआधी ओळंब्यासह दोन-तीन मीटरवरून झूम करून फोटो काढा, मार्करच्या खुणेचाही एक, आणि आधी दुकानाला, मग आयातदाराला पाठवा. दुरुस्तीसाठी रायफल परवानाधारक निर्मात्याकडे थेट पाठवता येते आणि ती थेट तुमच्याकडे परत येते, पुन्हा दुकानातून घ्यावी लागत नाही.