पस्तावा, पश्चात्ताप की प्रायश्चित्त?

वेंगुर्ल्याहून विचारणा आली आहे. चर्चच्या उपवासकाळाच्या (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या) मराठी पत्रकात एका ओळीत ‘पश्चाताप’, दुसरीत ‘प्रायश्चित’ आणि खाली ‘पस्तावलेले मन’ असे छापले आहे. तिन्हींचा अर्थ एकच का? आणि या चाळीस दिवसांना मराठीत नेमके काय म्हणावे?

शुद्धलेखन आधी उरकू. पश्चात् + ताप म्हणून पश्चात्ताप. प्रायः + चित्त म्हणून प्रायश्चित्त. पत्रकात दोन्हीकडे एकेक त गळाला आहे.

अर्थ मात्र एक नाही. पस्तावा हे पश्चात्तापाचेच झिजलेले, घरगुती रूप, पण झिजता झिजता त्यातले पाप गेले आणि नुकसान तेवढे उरले. ‘मोहोर बघूनच कलमं करारानं दिली नि पस्तावलो’ यात व्यवहार फसला आहे, अपराध कुठलाच नाही. इथे ‘पश्चात्ताप झाला’ म्हटले तर ऐकणारा हसेल.

पश्चात्तापाची अडचण वेगळी. ताप हा होतो, करायचा नसतो. म्हणून बोलताना आपण ‘मला पश्चात्ताप झाला’ म्हणतो. बायबलात मात्र ‘पश्चात्ताप करा’ अशी आज्ञा येते आणि ती मराठी कानाला जरा खटकते. कारण मुळातला शब्द तापाचा नाहीच. मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातला ग्रीक शब्द मेटानोइया, म्हणजे मन पालटणे. कपाळाला राख लावून उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी वाचल्या जाणाऱ्या योएल संदेष्ट्याच्या उताऱ्यात हिब्रू क्रियापद शूव आहे, म्हणजे परत फिरणे. मराठी बायबलात तिथे ‘माझ्याकडे वळा’ असे नेमके उतरले आहे. पश्चात्ताप हा शब्द मागे पाहून पोळतो. ‘वळा’ म्हणताना कुणीतरी वाट पाहत आहे हे गृहीत असते. उपवासकाळातली आशा या क्रियापदात आहे. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या बाबतीत मत्तयाने मेटानोइया वापरलेला नाही, दुसरेच क्रियापद घेतले आहे. तिथे मराठीत ‘पस्तावला’च शोभते: त्याला केल्याची खंत वाटली, पण तो परतला नाही. येशूला नाकारणारा पेत्र मात्र रडला आणि परतला. तेव्हा पत्रकातले ‘पस्तावलेले मन’ काढाच.

प्रायश्चित्त ही कृती आहे. ते घेतात, देतात, करतात. ‘मला प्रायश्चित्त झाले’ असे कुणी म्हणत नाही. जुन्या धर्मशास्त्रात ते पार पाडल्यावर माणूस शुद्ध होतो. कॅथलिक संस्कारात क्रम उलटा लागतो: पश्चात्ताप, पापनिवेदन, मग धर्मगुरूने उच्चारलेली पापक्षमा, आणि सांगितलेले प्रायश्चित्त साधारणपणे त्यानंतर. म्हणून ‘प्रायश्चित्त केल्याने पाप फिटले’ हे वाक्य तिथे चुकते. क्षमा आधीच मिळालेली असते. प्रॉटेस्टंट मंडळी तर हा शब्द माणसाच्या कृतीला लावायला कचरतात. योहानाच्या पहिल्या पत्रात तो ख्रिस्ताबद्दल आला आहे. (तुकोबांनी अनुतापात चित्त न्हाऊन निघणे हेच प्रायश्चित्त म्हटले, तेव्हा आतला ताप आणि बाहेरची कृती यांतली भिंतच पाडली. पण ती कवीची मुभा; पत्रकाला ती नाही.)

आता काळाचे नाव. ‘प्रायश्चित्तकाळ’ आणि ‘उपवासकाळ’ दोन्ही रूढ आहेत. गोव्याकडचे कोंकणी ख्रिस्ती ‘कोरेज्म’ म्हणतात. ते पोर्तुगीज क्वारेज्मावरून आले आणि मुळात लॅटिन ‘चाळिसावा’. मोजताना गडबड इथेच होते. 2026 मध्ये राखेचा बुधवार 18 फेब्रुवारीला आणि ईस्टर 5 एप्रिलला. मधले दिवस भरतात 46. सहा रविवार वगळले की 40. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्याला उपास नाही.

‘उपवासकाळ’ मला बरा वाटतो, पण आपल्या किनाऱ्यावर तो शेजाऱ्यांना चकवतो. उपास म्हटले की साबुदाणा, वरी, रताळी. कॅथलिक नियमात उपास म्हणजे एकच पोटभर जेवण आणि दोनदा थोडेसे. तोही राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी, 18 ते 59 वयाच्यांना. त्याखेरीज शुक्रवारी मांस वर्ज्य, आणि त्यात मासे मोडत नाहीत. मालवणीत मात्र मासळी हे पक्के वशाट, म्हणजे सामिष! म्हणून ‘उपासाच्या शुक्रवारी’ ताटात बांगडा दिसला की प्रश्न पडतो. पत्रकात ‘शाकाहार’ किंवा ‘वशाट वर्ज्य’ लिहू नका, ‘मांसवर्ज्य’ लिहा.

राखेचा बुधवार की भस्म बुधवार, हा वाद मी घालणार नाही. दोन्ही चालतात. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) झावळ्या वाळवून, जाळून, चाळूनच ती राख होते.

पत्रकाची ओळ अशी करता येईल: ‘प्रभूकडे वळा, पश्चात्तापाने पापनिवेदन करा, क्षमा स्वीकारा आणि दिलेले प्रायश्चित्त पूर्ण करा.’